जुना ड्रायसूट विकत घेताना : विदर्भातील शोध व बचाव पथकांसाठी मार्गदर्शन

पाणबुड्याचे दोन पोशाख सर्वांना ऐकून माहीत असतात. वेटसूटमध्ये पाण्याचा पातळ थर आत शिरतो आणि अंगाच्या उबेने कोमट होऊन तेथेच राहतो. ड्रायसूटमध्ये मान व मनगटांशी घट्ट बसणारी सील आणि पाणी रोखणारी चेन असल्यामुळे पाणी आत येतच नाही, अंगाभोवती फक्त हवा असते. ही हवा छातीवरील झडपेतून भरता येते आणि दंडावरील झडपेतून सोडता येते. असा नवा सूट सहज लाखाच्या घरात जातो, म्हणून गावपातळीवरील पथके जुन्या सुटाच्या शोधात असतात. या विषयावर मिळणारी बहुतेक माहिती थंड देशांतील पाणबुड्यांसाठी लिहिलेली आहे. त्यांचा प्रश्न गारठ्याचा असतो, तर आपला प्रश्न पाण्यातील घाणीचा आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. गावाजवळच्या तलावांत गुरे बसतात, कपडे धुतले जातात आणि पावसाळ्यात शेतांतील फवारणीचे अंशही उतरतात. अशा पाण्यात तळाशी जाऊन शोध घेणाऱ्याच्या कातडीला त्या पाण्याचा स्पर्श होऊ नये, हा आपल्याकडे ड्रायसूट घेण्याचा खरा हेतू आहे. हा हेतू मनात पक्का असेल तर खरेदीच्या पुढच्या प्रत्येक पायरीवरील निर्णय बदलतो. थंड देशातील हौशी पाणबुड्या जी बारीक गळती सोसून घेतो, ती आपल्याला चालणार नाही.

आधी गरज तपासावी

तारकर्ली, गोवा किंवा अंदमान येथे हौसेने डायव्हिंग करण्याचा बेत असेल, तर ड्रायसूटचा विचार येथेच सोडून द्यावा. तेथील समुद्र कोमट आहे आणि पातळ वेटसूट पुरतो. ज्या पथकाचे काम पुराच्या वेळी बोटीतून माणसे काढण्याचे आहे, त्याने हाच पैसा चांगली लाइफ जॅकेट, तरंगणारे दोर आणि बोटीचे इंजिन यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्या पथकात स्कुबाचे, म्हणजे पाठीवरील सिलिंडरमधील हवेवर श्वास घेत बुडण्याचे, रीतसर प्रशिक्षण घेतलेले पाणबुडे आहेत आणि ज्यांना गढूळ, दूषित पाण्यात खाली उतरावेच लागते, त्यांच्यासाठी हा सूट आहे. वैनगंगेच्या काठचे ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या दम रोखून बुडी मारून शोध घेत आले आहेत. त्यांचे पाण्याचे ज्ञान कोणत्याही उपकरणापेक्षा मोठे आहे, परंतु ड्रायसूट हा दम रोखून मारायच्या बुडीचा पोशाख नव्हे, हे त्यांनाही स्पष्ट सांगावे. त्याला सतत हवेचा पुरवठा लागतो आणि त्याचे वेगळे शिक्षण लागते.

ते शिक्षण का लागते, हे थोडक्यात समजून घ्यावे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि सुटातील हवा निम्म्या जागेत दबते. हवा भरली नाही तर सूट अंगाला चिमटे घेतो. वर येताना तीच हवा फुगते, आणि पाणबुड्या डोके खाली करून असेल तर ती पायांकडे धावते व त्याला उलटा, न थांबता वर खेचते. पाडीसारख्या (PADI) डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा ड्रायसूटचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. भारतात समुद्र उबदार असल्यामुळे तो शिकवणारे मोजके आहेत. म्हणून प्रशिक्षक आधी ठरवावा आणि सूट नंतर शोधावा. प्रशिक्षकाला सूट घेण्याच्या वेळी सोबत नेता आले, तर या लेखातील अर्धे काम तोच करील.

कोणत्या कापडाचा सूट घ्यावा

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला व्हल्कनाइज्ड रबराचा. हा जड आणि दिसायला ओबडधोबड असतो, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे चिखल व घाण त्यावर टिकत नाही, धुतल्यावर तो लवकर सुकतो आणि निर्जंतुक करणे सोपे जाते. दूषित पाण्यात काम करणारे व्यावसायिक पाणबुडे याच कारणासाठी तो पसंत करतात. दुसरा ट्रायलॅमिनेट, म्हणजे दोन कापडांच्या मध्ये ब्यूटाइल रबराचा थर असलेला. तो हलका असतो, घडी लहान होते आणि पाण्यात हालचाल मोकळी राहते, मात्र बाहेरचे कापड घाण पाणी धरून ठेवते आणि शिवणींवरील पट्ट्या जुन्या झाल्या की उचलू लागतात. तिसरा निओप्रीनचा. फोमसारखा हा पदार्थ ऊब देतो आणि पाणी शोषून ठेवतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी नको आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. पथकासाठी घ्यायचा असेल तर व्हल्कनाइज्ड रबराचा, शक्यतो डोक्याचे रबरी हूड आणि बूट जोडूनच असलेला सूट शोधावा, आणि तो मिळाला नाही तरच चांगल्या स्थितीतील ट्रायलॅमिनेटकडे वळावे. रबरी सुटाचा आणखी एक फायदा असा की छिद्र पडल्यास रबरी पॅच आणि सोल्यूशन लावून, दुचाकीच्या ट्यूबचे पंक्चर काढतात त्या रीतीने, ते दुरुस्त करता येते. ट्रायलॅमिनेट मात्र गावातील पंक्चरवाल्याकडे कधीही नेऊ नये. त्यावर आतील बाजूने युरेथेनचा विशिष्ट चिकटपदार्थ लावावा लागतो आणि तो पूर्ण वाळू द्यावा लागतो.

विक्रेत्याला काय विचारावे

विदर्भात असा सूट दुकानात मिळणार नाही. मुंबईकडील व्यावसायिक पाणबुडे, डायव्हिंग शाळा किंवा परदेशातून परतलेले हौशी पाणबुडे यांच्याकडूनच तो येतो, आणि बहुतेक वेळा व्यवहार फोनवर व छायाचित्रांवर होतो. म्हणून प्रश्न नेमके असावेत. सूट कोणत्या वर्षी बनला, सील शेवटची केव्हा बदलली, चेन मूळची आहे की नवी बसवली, कोठे दुरुस्ती झाली, शेवटचा वापर केव्हा व कोठे झाला आणि त्यानंतर तो कोठे ठेवला होता, हे सर्व लेखी मागावे. शेवटचा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटतो, परंतु फारसा वापर झालेला नाही असे अभिमानाने सांगितलेला सूट दहा वर्षे माळ्यावर घडी घालून पडलेला असेल, तर नियमित वापरून धुतलेल्या सुटापेक्षा त्याची अवस्था वाईट असू शकते.

छायाचित्रे नव्हे, तर चालू व्हिडिओ कॉलवर सूट पाहावा. चेन पूर्ण उघडून, पूर्ण लावून आणि दोन्ही टोके जवळून दाखवायला सांगावे. सील दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरायला सांगावे. आतील बाजूच्या शिवणी, गुडघे, जांघ आणि बुटांचा जोड दाखवून घ्यावा. जो विक्रेता हे करायला कंटाळा करतो, त्याच्याशी भाव करण्याचीही गरज नाही. सूट पोहोचल्यावर गळतीची चाचणी करून ठरावीक दिवसांत परत करता येईल, असे संदेशात लिहून घ्यावे. परदेशातून मागवायचा असेल तर वाहतूक आणि सीमाशुल्क यांची चौकशी ऑर्डर देण्यापूर्वी करावी. सूट ग्रामपंचायतीच्या किंवा लोकवर्गणीच्या पैशातून येणार असेल, तर विक्रेत्याची सही असलेली पावती आवश्यक आहे. वर्गणी देणारा माणूस आज विचारत नाही, पण पुढच्या वर्षी नक्की विचारतो. स्वतःचा खर्च करण्यापूर्वी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे साहित्याची मागणी नोंदवून पाहणेही योग्य.

मापाचा प्रश्न

उंची, छाती, कंबर, नितंब, पायाची आतील लांबी, मान, मनगट आणि बुटाचे माप ही सर्व मापे पाठवून ताळा करावा. फक्त ‘लार्ज’ किंवा ‘मीडियम’ या शब्दांवर जाऊ नये. सूट अंगावर आल्यावर पूर्ण उकिडवे बसता आले पाहिजे आणि उजव्या हाताने डाव्या दंडावरील झडप फिरवता आली पाहिजे. या दोन्ही हालचाली जमल्या तर माप साधारण बरोबर आहे. फार ढगळ सुटात हवा इकडेतिकडे पळत राहते आणि तोल सांभाळणे कठीण जाते.

पथकासाठी एकच सूट घेऊन तो चौघांनी वापरायचा, हा विचार सर्वत्र असतो. त्यात मोठी अडचण मानेच्या सीलची आहे. लेटेक्सचे, म्हणजे पातळ नैसर्गिक रबराचे, सील वापरणाऱ्याच्या मानेनुसार कापून मोठे केलेले असते आणि कापलेले परत जोडता येत नाही. जाड मानेच्या माणसाचे सील सडपातळ माणसाला गळणारच. उलट फार घट्ट सील मानेतील रक्तवाहिन्यांवर दाब देते, त्यामुळे हृदयाचे ठोके मंदावून भोवळ येऊ शकते. यावर उपाय म्हणून मान आणि मनगटाला कडी बसवलेले सूट मिळतात. त्या कडीवर प्रत्येकाचे वेगळे सील, शिवाय रबरी कोरडे हातमोजेही चढवता येतात. अशा कड्या असलेला सूट थोडा महाग पडला तरी पथकाने तोच घ्यावा, कारण हातमोजे नसतील तर मनगटापुढचा हात घाण पाण्यातच राहतो आणि कापलेल्या बोटांतून संसर्ग शिरतो.

चेन

जुन्या ड्रायसूटचा खरा भाव चेनवर ठरतो. ती बदलणे हे सर्वांत खर्चाचे काम असते आणि तसा कारागीर आपल्याकडे जवळपास नसतो. धातूची चेन असेल तर तिचे दात एका रेषेत आहेत का, मधला एखादा दात वाकला किंवा निखळला आहे का, दातांखालील रबरी पट्टीला भेगा पडल्या आहेत का आणि कडेचे धागे सुटले आहेत का, हे भिंगाने पाहावे. समुद्रात वापरून न धुतलेल्या चेनच्या दातांवर हिरवट थर आणि मिठाचे कण दिसतात. थोडा थर जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने निघतो, पण त्याखाली दात खाल्लेले असतील तर व्यवहार थांबवावा. घडीच्या जागी चेनला टोकदार बाक बसलेला असेल तर ती तेथूनच गळणार. दोन्ही टोके विशेष जपून पाहावी, कारण चेन पूर्ण बंद झाल्यावर सरकपट्टी जेथे टेकते, तेथेच बारीक गळतीची शक्यता जास्त असते.

धातूच्या चेनला बाहेरून मेण चोळतात. पॅराफिनचे किंवा मधमाशांचे मेण दोन्ही चालते. प्लॅस्टिकच्या चेनला मात्र मेण नव्हे, तर शेवटच्या टोकाला तिच्यासाठी दिलेले सिलिकॉन ग्रीस लावतात. सरकपट्टी पुढे गेल्यावर मागचे दात सुटत असतील, तर ती चेन संपली असे समजावे. चेन पाठीमागे खांद्यांवरून असलेला सूट स्वतः लावता येत नाही म्हणून हौशी लोक तो टाळतात आणि त्यामुळे तो स्वस्तही मिळतो. पथकात मात्र दोर धरणारा साथीदार काठावर असतोच, आणि नसेल तर पाणबुड्याने पाण्यात उतरूच नये. त्यामुळे पाठीमागची चेन आपल्याला अडचणीची नाही. समोर तिरप्या असलेल्या चेनपेक्षा तिला कमी बाक बसतो, हेही लक्षात ठेवावे.

सील आणि आपले ऊन

लेटेक्स ही उष्णता, ऊन आणि ओझोन यांनी खराब होणारी वस्तू आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, टिनाच्या छताखालच्या खोलीत त्याहून जास्त उष्णता असते आणि आत ठिणग्या पडणाऱ्या विजेच्या मोटारींतून ओझोनही तयार होतो. थंड देशात काही वर्षे टिकणारे लेटेक्सचे सील आपल्याकडे निष्काळजीपणे ठेवल्यास फार लवकर जाते. म्हणून जुन्या सुटावरील लेटेक्स सील कितीही चांगली दिसली तरी ती बदलावी लागतील, असे गृहीत धरूनच भाव करावा.

सील ताणून पाहताना चार खुणा शोधाव्यात. पृष्ठभाग चिकट लागत असेल तर रबर विरघळू लागले आहे. कडक लागत असेल आणि ताणल्यावर बारीक जाळीसारख्या भेगा दिसत असतील, तर ते वाळले आहे. कडेला नखाएवढी चीर असेल तर घालताना ती पूर्ण फाटेल. रंग ठिकठिकाणी उडून डाग पडले असतील तर त्याला तेल, डिझेल किंवा मलम लागलेले असण्याची शक्यता आहे, आणि पेट्रोलजन्य पदार्थ लेटेक्सचे मोठे शत्रू आहेत. सिलिकॉनचे सील उष्णतेत जास्त टिकते आणि मऊही असते, मात्र त्याला छोटी चीर पडली की लगेच फाटते आणि ते केवळ कडीवरच बसते. निओप्रीनचे सील दणकट असते, तरी त्यातील घाण पूर्ण निघत नाही. कडीची सोय असेल तर सिलिकॉन आणि नसेल तर नवे लेटेक्स, असा माझा सल्ला राहील.

झडपा आणि हवेची नळी

छातीवरील झडप दाबल्यावर हवा भरली पाहिजे आणि बोट काढताच थांबली पाहिजे. ती अडकून राहिली तर पाण्यात पाणबुड्या वर फेकला जाईल. दंडावरील झडप दोन्ही टोकांपर्यंत सहज फिरली पाहिजे. तिच्यात माती किंवा केस अडकले की तेथून पाणी आत झिरपते. हवेची नळी सुटासोबतच मागून घ्यावी, कारण तिच्या जोडाचे एकापेक्षा जास्त प्रकार आहेत आणि बीसीडीची (तरंगणे सांभाळण्यासाठी हवा भरायच्या जाकिटाची) नळी प्रत्येक सुटाला बसेलच असे नाही. लघवीसाठी बसवलेली झडप जुन्या सुटावर असेल, तर स्वच्छतेच्या कारणाने तिचे आतील भाग बदलून घ्यावेत.

घरी करायची गळतीची चाचणी

सूट हाती आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच ही चाचणी करावी. मनगटांच्या सीलमध्ये गुळगुळीत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि मानेत धारदार कड नसलेला गोल डबा किंवा फुटबॉल बसवावा. दंडावरील झडप पूर्ण बंद करावी, चेन लावावी आणि सूट टणक वाटेल इतकीच हवा भरावी. तट्ट फुगवू नये, कारण त्याने शिवणी उसवतात. मग भांडी घासण्याचा सौम्य साबण पाण्यात कालवून ब्रशने सर्वत्र लावावा. चेनची टोके, झडपांच्या बुडाचे गोल, जांघेतील चौफुला, गुडघे आणि बुटांचा जोड येथे घाई करू नये. जेथे बुडबुडे उठतील तेथे खूण करावी. ट्रायलॅमिनेटची दुरुस्ती आतून करायची असते, म्हणून तो सूट उलटा करून हीच चाचणी पुन्हा केल्यास नेमकी जागा सापडते.

ही चाचणी सकाळी सावलीत करावी. दुपारी उन्हात भरलेला सूट हवा तापून आणखी फुगतो आणि शिवणींवर ताण येतो, तर उन्हात फुगवून संध्याकाळपर्यंत ठेवलेला सूट गळती नसतानाही ढिला पडतो, कारण आतील हवा गार होऊन आकसलेली असते. दोन्ही निष्कर्ष फसवे ठरतात.

त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या जलतरण तलावात, प्रशिक्षकासह, सूट घालून पाहावा. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात हा प्रयोग कदापि करू नये, कारण त्याच्या निसरड्या उतारावरून बाहेर येता येत नाही. आत फिक्या रंगाचे सुती कपडे घालावेत, म्हणजे ओल कोठे आली ते दिसते. आपल्या हवेत घामाची ओल आणि गळतीची ओल यांत गल्लत होते. घाम पाठ, छाती आणि काखेत सर्वत्र सारखा पसरतो, तर गळतीची ओल एका ठिकाणी सुरू होऊन ओघळाच्या रूपात उतरते. चाचणी पहाटेच्या गारव्यात घेतल्यास हा फरक अधिक स्पष्ट कळतो.

खर्चाचा हिशेब

विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत तीन सील, चेन बदलण्याचा खर्च किंवा तिची जोखीम, दोन्ही झडपांची दुरुस्ती, हवेची नळी, आत घालायचे पातळ कपडे, कोरडे हातमोजे आणि प्रशिक्षणाचे शुल्क मिळवावे. आणखी एक मोठी रक्कम त्यात धरावी लागते. साध्या रेग्युलेटरचे (सिलिंडरची हवा श्वासासाठी देणाऱ्या उपकरणाचे) तोंड दातांत धरल्यावर ओठांजवळून घाण पाणी तोंडात जातेच. त्यामुळे दूषित पाण्यासाठी संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क नसेल, तर उरलेल्या अंगाचे रक्षण करून फारसे साधत नाही. ही सगळी बेरीज नव्या सुटाच्या जवळ पोहोचत असेल, तर जुना घेण्याचा मोह सोडावा. चेन खराब असलेला सूट कोणी फुकट दिला, तरी तो सुटे भाग काढण्यासाठीच स्वीकारावा.

वापर आणि साठवण

उन्हाळ्यात ड्रायसूट घालून काठावर उभे राहणे हे पाण्याखाली जाण्याइतकेच धोक्याचे आहे, कारण घाम आत कोंडतो आणि उष्माघाताची वेळ लवकर येते. सर्व तयारी झाल्यावर, सावलीत, अगदी शेवटी चेन लावावी, सुटावर बाहेरून पाणी ओतत राहावे आणि आधी भरपूर पाणी प्यावे. आत जाड उबदार कपडे नकोत. मात्र उघड्या अंगावरही सूट घालू नये, कारण पातळ पूर्ण बाह्यांच्या कपड्यामुळे हवेला झडपेपर्यंत वाट मिळते आणि अंगाला चिमटे बसत नाहीत.

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाड्याची लागवड असते. त्याच्या फळांचे काटे आणि पाण्यात पडलेल्या बाभळीच्या फांद्या सुटाला छिद्र पाडतात. त्यामुळे गुडघ्यांवर जाड पट्ट्या असलेला सूट असावा आणि प्रत्येक कामानंतर साबणाच्या पाण्याची चाचणी निदान गुडघे व तळव्यांवर तरी करावी. पाण्यातून आल्यावर सूट अंगावर असतानाच बाहेरून स्वच्छ पाणी आणि साबणाने धुवावा, मगच चेन उघडावी. निर्जंतुकीकरणासाठी उत्पादकाने सांगितलेलेच द्रावण वापरावे.

सूट सावलीत आतून-बाहेरून पूर्ण सुकवावा. लेटेक्सच्या सीलवर सुगंध नसलेली साधी टाल्कम पावडर लावावी. सुगंधी पावडरने रबर लवकर खराब होते. सिलिकॉनचा फवारा तर मारूच नये, कारण पुढे नवे सील चिकटवताना त्या जागी गोंद धरत नाही. चेनला बाक येणार नाही अशा बेताने सूट सैल गुंडाळून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवावा, आणि ती पेटी धान्याच्या कोठारात किंवा टिनाच्या छताखाली न ठेवता घरातील सर्वांत थंड खोलीत, उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी आणि विजेच्या मोटारींपासून लांब असावी. झाकणाच्या आतल्या बाजूला सील बदलल्याची तारीख, शेवटच्या चाचणीची तारीख आणि चाचणी घेणाऱ्याचे नाव लिहिलेला कागद चिकटवावा, म्हणजे रात्री दोन वाजता बोलावणे आले तरी पेटी उघडणाऱ्याला सूट वापरण्याजोगा आहे की नाही ते कोणाला न विचारता कळते.